साहेब बदलले का, हे माणसांना विचारा

वाचकांचे प्रश्न

माणसं सांभाळताना स्वतःची कोणती गोष्ट आड येते, असं मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं. बडोद्याहून पत्रांचा गठ्ठाच आला. त्यात कारखान्यातले सुपरवायझर आहेत, शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत, गणेश मंडळाचे अध्यक्ष आहेत. निवडक पत्रं थोडी आटोपशीर करून घेतली आहेत. नावं छापू नका, अशी बहुतेकांची विनंती होती. ती सगळ्यांनाच लागू केली आहे.

प्रश्न : मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात मी उत्पादन विभाग सांभाळतो. गेल्या दोन वर्षांत व्यक्तिमत्त्व विकासाची तीन शिबिरं केली, पहाटे ध्यान करतो, वाचन वाढवलं आहे. मी खूप बदललो असं मला मनापासून वाटतं. पण परवा दोन कामगारांचं बोलणं कानावर आलं : "साहेब शिबिराहून आले की चार दिवस गोड बोलतात." मग हा सगळा खटाटोप वाया गेला का? (मांजलपूर)

उत्तर : वाया गेला नाही, अर्ध्यावर थांबला आहे. ध्यानामुळे तुमचं मन निवलं असेल, पण मन कुणाला दिसत नाही. सकाळी रिजेक्शनचा, म्हणजे नापास झालेल्या मालाचा, आकडा हातात आल्यावर तुमच्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघतं, ते मात्र सगळ्या विभागाला ऐकू येतं. त्यांच्या लेखी तुमची वाढ म्हणजे तेवढंच वाक्य. तेव्हा तिथूनच सुरुवात करा, आणि एकच सवय धरा.

ती सवय तुम्ही स्वतः निवडू नका. लुफ्ट आणि इंगहॅम या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९५५ साली एक साधी चौकट मांडली. तिच्यातला एक चौकोन असा असतो, जो इतरांना दिसतो आणि आपल्याला दिसत नाही. तुमचं उत्तर त्या चौकोनात आहे. चार-पाच जण निवडा, त्यात तुमच्यावर नाराज असलेले दोघे तरी हवेत. "माझ्यात काय सुधारू?" असं विचारलंत तर "काही नाही साहेब, सगळं बरोबर आहे" एवढंच ऐकायला मिळेल. त्याऐवजी एकेकट्याला विचारा, "मी कोणती एक गोष्ट करायची थांबवली तर तुमचं काम सोपं होईल?" उत्तर गुजरातीत येवो, हिंदीत येवो, ते आहे त्याच शब्दांत वहीत उतरवा. "अहो, पण मी तसं म्हणालो कारण..." हे वाक्य गिळून टाका. एकदा खुलासा दिलात की पुढच्या वेळी कुणी तोंड उघडणार नाही.

समजा पाचांपैकी तिघांनी सांगितलं की माल बिघडला की तुम्ही आधी माणूस शोधता. मग ठराव असा करा : रिजेक्शनचा आकडा आला की माझा पहिला प्रश्न "कोणत्या मशीनवर?" हा असेल, "कुणी केलं?" हा नाही. "मी शांत राहीन" असला ठराव टिकत नाही, कारण तो नेमका कोणत्या क्षणी पाळायचा हे त्यात नसतं. "अमुक झालं की मी तमुक करीन" अशा बांधणीचे ठराव साध्या निश्चयापेक्षा जास्त पाळले जातात, हे मानसशास्त्रज्ञ गोल्विट्झर यांच्या संशोधनातून वारंवार दिसलं आहे.

आणि मुदत लांबची धरा. लंडनमध्ये झालेल्या एका अभ्यासात (२०१०) रोजची एखादी साधी कृती अंगवळणी पडायला मध्यक ६६ दिवस लागले, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त. कुणाला १८ दिवसांत जमलं, तर कुणाचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. हे पाणी पिणं, चालायला जाणं अशा सवयींबद्दल होतं. रागाच्या क्षणी जीभ आवरणं त्याहून अवघड आहे. तुमचे चार दिवस कमी पडले यात नवल नाही.

बहुतेकांचं घोडं अडतं ते महिनाअखेरीला. डिस्पॅचची घाई सुरू झाली की जुनी सवय परत येते आणि मग माणूस सगळंच सोडून देतो. म्हणून त्या आठवड्यापुरतं एखाद्या सहकाऱ्याला सांगून ठेवा, "मी चुकलो तर नुसता हात वर कर." दर महिन्याला त्याच पाच जणांना एकच प्रश्न विचारा : या महिन्यात मी किती वेळा आधी माणूस शोधला? आकडा उतरतोय असं त्यांनी सांगितलं, तर तुम्ही बदललात. तोवर दुसरी सवय हातात घेऊ नका, आणि चौथं शिबिरही नको.

प्रश्न : वय २७, मेकॅनिकलचा पदवीधर. कामात हुशार म्हणून लवकर सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या) विभागाचा सुपरवायझर झालो. जुने ऑपरेटर वडिलांच्या वयाचे, त्यांना काही सांगताना जीभ अडखळते. नवी पोरं उलट सारखी विचारत येतात, "साहेब, जरा बघा ना." मीच सेटिंग करून देतो. दिवसभर मशीनवर उभा असतो आणि माझं स्वतःचं काम राहून जातं. (वाघोडिया रोड)

उत्तर : कामात हुशार म्हणून माणसं सांभाळायला बसवलेल्यांची अडचण सगळीकडे सारखीच आहे. अमेरिकेतल्या १३१ कंपन्यांच्या विक्री विभागांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. सर्वांत चांगले विक्रेते बढती मिळवून वरिष्ठ झाले आणि सरासरीने तेच कमी चांगले वरिष्ठ ठरले. ज्या हाताने आजवर शाबासकी मिळवून दिली तो हात आवरणं, ही तुमची आताची शिकवणी आहे.

नव्या पोराचं आधी घेऊ. शाफ्टचा व्यास २५.०० मिलिमीटर हवा, मायक्रोमीटर (माप घ्यायचं साधन) २५.०६ दाखवतो. पोरगा तुम्हाला हाक मारतो. तुम्ही येता, बटणं दाबता, माप बसतं. दोन मिनिटांत काम झालं आणि तो काहीही शिकला नाही. उद्या पुन्हा हाक येणारच.

आता हात पाठीमागे बांधून उभे राहा आणि याच क्रमाने विचारा. "कुठे मोजलंस?" मायक्रोमीटरच्या तोंडात धातूचा बारीक कीस अडकला असेल तर माप मोठं येतं. "कधी मोजलंस?" मशीनवरून उतरवलेला गरम जॉब लगेच मोजला तरी माप थोडं मोठंच येतं, तो निवू दे, पुसून परत मोज. "ऑफसेटमध्ये शेवटचा बदल कुणी केला, कितीचा?" ऑफसेट म्हणजे माप जुळवायला मशीनमध्ये भरलेला दुरुस्तीचा आकडा. आधीच्या शिफ्टने काही टाकलं असेल आणि वहीत नोंद नसेल, तर हा नवा बदल त्यावर चढेल. माप खरंच जास्त आहे असं ठरल्यावर त्यालाच विचारा, "मग किती टाकायचं?" बहुतेक लेथवर एक्सची (टूल आत-बाहेर सरकतं त्या दिशेची) नोंद व्यासात असते, तिथे वजा ०.०६, नोंद त्रिज्येत असेल तिथे वजा ०.०३. हा फरक ज्याला कुणी समजावला नाही, तो आयुष्यभर निम्मी किंवा दुप्पट चूक करतो. खात्री नसेल तर आधी थोडं कमी टाकून एक जॉब काढ आणि मोज, हेही त्याच्याच हातून होऊ द्या.

पहिल्या आठवड्यात दोन मिनिटांच्या जागी दहा मिनिटं जातील. ती जाऊ द्यायची. फक्त टूल धडकणार असेल किंवा कुणाचा हात जवळ असेल तर प्रश्न विचारत बसू नका. लाल बटण दाबा, शिकवणं नंतर.

जुन्या ऑपरेटरांना हेच प्रश्न विचारलेत तर अपमान होईल. हर्सी आणि ब्लँचर्ड या व्यवस्थापन-अभ्यासकांनी १९६९ पासून मांडलेलं सूत्र इथे नीट लागू पडतं : माणूस त्या विशिष्ट कामात किती मुरलेला आहे, त्यावर सांगण्याची पद्धत ठरवायची. त्यांना माप, संख्या आणि वेळ सांगा. कसं करायचं ते त्यांच्यावर सोडा. मात्र तेच गृहस्थ नव्या मशीनवर आले तर त्या कामापुरते नवशिके असतात आणि तिथे त्यांनाही पायरीपायरीने दाखवावं लागतं. सगळे जण इथेच घसरतात. वय बघून गप्प बसतात आणि माल बिघडल्यावर बोलतात.

संबोधन विभागात जे रुळलं आहे तेच ठेवा, नावापुढे "भाई" किंवा "काका", आणि "तुम्ही" कधीही सोडू नका. जे येत नाही ते त्यांना विचारा, पण खरोखर येत नसेल तेच. उगाच विचारलेलं त्यांना लगेच कळतं.

प्रश्न : घरगुती फराळाचा व्यवसाय आहे, दिवाळीत नऊ जणी कामाला असतात. माल बिघडला की मी वसकन ओरडते, रात्री झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी कुणाच्या हातात शंभर रुपये ठेवते, कुणाला डबा भरून देते. दोघी सोडून गेल्या. राग कसा आवरू? (कारेलीबाग)

उत्तर : ताई, रागाकडे नंतर येऊ. आधी हे बघा की माल नेमका कशाने बिघडतो. तुमच्या पत्रात तुम्ही लिहिलं आहे, "चकलीचं मोहन मी अंदाजाने घालते, बाकीच्यांना ते जमतच नाही." दुखणं इथे आहे. मोहन जास्त झालं की चकली तेलात विरघळते, कमी झालं की दगड होते. ही गोष्ट तुमच्या हाताला कळते आणि दुसऱ्या कुणाच्या हाताला कळायची सोयच तुम्ही ठेवलेली नाही. जे कधी सांगितलंच नाही त्यासाठी त्या बोलणी खातात.

वजनकाटा घ्या. तेलाचं भांडं तोला, नेहमीसारखं अंदाजाने भाजणीत मोहन घाला, भांडं परत तोला. जो फरक आला तोच तुमचा अंदाज. भाजणीही तोललेली हवी. असे चार-पाच घाणे करा आणि प्रत्येक वेळचा आकडा लिहा. आकडे जवळजवळ आले तर मधला धरा आणि ओट्यासमोर मोठ्या अक्षरांत लावा. फार वेगवेगळे आले तर तुमचा अंदाजही रोज बदलतो आहे, आणि हे कळणं फार मोलाचं आहे. पाणी, तिखट, मीठ याच रीतीने काढा. तेल तापलं की नाही हे पिठाची बारीक गोळी टाकून कसं ओळखायचं, ते एकदा सगळ्यांना समोर उभं करून दाखवा. गोळी किती वेळात वर यायला हवी, हे त्यांच्या डोळ्यांना दिसू द्या.

आता राग. आठवडाभर फक्त नोंद करा : किती वाजता ओरडले, कोणता घाणा, त्याआधी काय झालं होतं. उशिरा आलेली ऑर्डर, रिकामं पोट, फोन, असं काहीतरी ठराविक त्यात सापडतंच. ऑर्डर असेल तर घेण्याची वेळ बांधून टाका, दुपारी एकनंतर त्या दिवसासाठी नाही. ओरडणं ओठांवर आलं की गॅस बारीक करा, ओट्यापासून दोन पावलं मागे या, आणि फक्त पदार्थाबद्दल बोला : "चकली मोडतेय. पीठ दाखवा." माणसाबद्दल त्या घटकेला एकही शब्द नको.

आणि ते शंभर रुपये बंद करा. चारचौघींसमोर ओरडलात तर चारचौघींसमोरच म्हणा, "काल मी ओरडले ते चुकलं." पैसे दिल्याने बोललेलं पुसलं जात नाही, उलट जिला मिळाले नाहीत तीही दुखावते.

प्रश्न : चूक सांगितली की लोक रुसतात, नाही सांगितली तर सुधारत नाहीत. (निझामपुरा)

उत्तर : चूक सांगण्याचा उपयोग होतो, पण दर वेळी नाही. क्लूगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ साली शेकडो प्रयोग एकत्र तपासले. सरासरीने काम सुधारलं होतं, तरी एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्राय दिल्यावर काम उलट बिघडलं. अभिप्राय कामावरून माणसावर सरकला की तो उलटण्याची शक्यता वाढते. "तू निष्काळजी आहेस" यावर माणूस स्वतःचा बचाव करण्यापलीकडे काय करणार? "मंगळवारच्या चलनावर वाहन क्रमांक नव्हता, गाडी नाक्यावर दोन तास अडली" यात प्रसंग आहे, कृती आहे, परिणाम आहे. विशेषण एकही नाही. बाजूला घेऊन, त्याच दिवशी, एका वेळी एकच चूक. मग विचारा, "पुढच्या वेळी हे राहू नये म्हणून काय करता येईल?"

प्रश्न : नातवाला मी सयाजीराव महाराजांचं उदाहरण देतो. तो म्हणतो, "आजोबा, ते राजे होते, त्यांना काहीही शक्य होतं. आम्ही त्यातून काय घ्यायचं?" त्याला काय सांगू? (दांडिया बाजार)

उत्तर : नातवाचं म्हणणं खोडून काढू नका, कारण सत्ता होती हे खरंच आहे. पण सत्ता अनेकांकडे होती. त्याला तारखांचा क्रम सांगा. क्रमातच पुष्कळ काही आहे.

११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावी शेतकरी घरात जन्म. १८७५ साली, बाराव्या वर्षी, दत्तक म्हणून बडोद्यात आले तेव्हा धड अक्षरओळखही नव्हती. पूर्ण अधिकार मिळाले ते १८८१च्या डिसेंबरात. मधली सहा वर्षं केवळ शिकण्यात गेली. इलियट हे शिक्षक होते. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा भाषा होत्या. आणि दिवाण टी. माधवराव राज्य कसं चालवायचं यावर त्यांना व्याख्यानं देत. ज्याला आज्ञा द्यायची आहे त्याने आधी काही वर्षं विद्यार्थी म्हणून बसायचं, ही गोष्ट इथे पहिल्या दिवसापासून रुजली.

नातवाला यापुढचा भाग जास्त उपयोगी पडेल. सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सगळ्या संस्थानात एकदम लागू झालं नाही. १८९३ साली आधी अमरेली भागात ते करून पाहिलं आणि राज्यभर नेलं ते १९०६ साली. मनात आणलं असतं तर राजाला एका हुकमात ते सगळीकडे लावता आलं असतं. त्याने आधी एका कोपऱ्यात करून पाहिलं. दहा माणसांच्या कचेरीतही नवी पद्धत आधी एका टेबलावर लावून बघता येते, त्याला राज्य लागत नाही.

ग्रंथालयांचंही तसंच. १९०६च्या अमेरिका दौऱ्यात महाराजांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली आणि १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात आणून हे काम सोपवलं. जे स्वतःला येत नाही त्यासाठी जाणकार माणूस आणायचा आणि त्याला काम करू द्यायचं. त्याचबरोबर मोतीभाई अमीन यांच्यासारख्यांनी गावोगावी वाचनालयं आधीच सुरू केली होती. राज्याने त्या धडपडीला हात दिला. गावाने ठरलेली रक्कम उभी केली की तेवढीच प्रांत पंचायतीने द्यायची आणि तेवढीच सरकारने. म्हणजे गावाला आधी स्वतः एक तृतीयांश उभं करावं लागे. आम्हाला या सगळ्यात ही अट सर्वांत मोलाची वाटते, कारण वाचनालय मग गावाचं राहतं. हाताखालच्या माणसाने अडचण आणली की "तू तुझ्याकडून काय करून पाहिलंस?" हे आधी विचारणं याच जातीचं आहे.

आणि स्वतः शिकलेला माणूस दुसऱ्याच्या शिक्षणावर खर्च करतो, याचा दाखला हवा असेल तर १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी बडोद्याने दिलेली शिष्यवृत्ती आहेच.

प्रश्न : शाळेत मुख्याध्यापिका आहे. बैठकीत "कुणाला काही सुचवायचंय का?" असं मोकळेपणाने विचारते, सगळे माना खाली घालतात. बैठक संपली की जिन्यात मात्र सगळे बोलतात. (रावपुरा)

उत्तर : बाई, आधी घड्याळ बघा. विचारल्यानंतर तुम्ही किती सेकंद गप्प राहता? मेरी बड रो या संशोधिकेने वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात असं आढळलं. तीन सेकंद किंवा त्याहून जास्त थांबायला शिकवल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारीही बोलू लागली. वर्गातली सवय आपण बैठकीत घेऊन येतो. मनातल्या मनात पाच अंक मोजा. ती शांतता तुम्हाला जितकी जड जाते तितकी त्यांना जात नाही.

प्रश्नही बदला. "काही सुचवायचंय का?" याला "नाही" हे सोपं उत्तर आहे. "परीक्षेचं हे वेळापत्रक कुठे फसेल?" असं विचारून आधी दोन मिनिटं प्रत्येकाला कागदावर लिहू द्या, मग सर्वांत नव्या शिक्षिकेपासून सुरुवात करून वाचायला सांगा. तुमचं मत शेवटी. मुख्याध्यापिकेने आधी मत दिलं की पुढची सगळी मतं त्याच रांगेत उभी राहतात.

एका गोष्टीची तयारी ठेवा. लोक बोलू लागले की चुका वाढल्यासारख्या वाटतील. एमी एडमंडसन या संशोधिकेने रुग्णालयांतल्या पथकांचा अभ्यास केला तेव्हा चांगल्या पथकांत औषधांच्या चुकांची नोंद जास्त निघाली. तिथे चूक सांगायला भीती नव्हती, म्हणून ती नोंदली जात होती. पहिल्यांदा कुणी चूक सांगेल तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर काय उमटतं, याकडे सगळी शिक्षकखोली बघत असते. "बरं झालं आत्ताच सांगितलंत" एवढंच म्हणा आणि कामाचं बोला.

प्रश्न : आमच्या गणेश मंडळाचा मी बारा वर्षं अध्यक्ष आहे. परवानग्या, मूर्ती, वर्गणी, मांडव, विसर्जन, सगळं मीच बघतो. पोरं हौशी आहेत पण जबाबदारी घेत नाहीत. आता तब्येत साथ देत नाही. (वारसिया)

उत्तर : काका, पोरं जबाबदारी घेत नाहीत असं तुम्ही म्हणता, पण तुमच्याच पत्रात आहे, "मागच्या वर्षी मांडववाल्याशी बोलायला एकाला पाठवलं, त्याने दर जास्त ठरवला, म्हणून मी परत फोन करून कमी करून घेतला." त्या एका फोनने मांडववाल्याला कळलं की या पोराच्या शब्दाला किंमत नाही, आणि पोरालाही तेच कळलं. पुढच्या वर्षी तो कशाला पुढे येईल?

गणेशोत्सवाची आणखी एक अडचण आहे, ती कुणाच्या लक्षात येत नाही. तो वर्षातून एकदाच येतो. एका वर्षी पोराने बघायचं, दुसऱ्या वर्षी तुमच्या देखत करायचं, तिसऱ्या वर्षी एकट्याने, असं म्हटलं तर तीन वर्षं लागणार आणि तोवर पोरगं नोकरीसाठी पुण्याला गेलेलं असणार. म्हणून सराव लहान कार्यक्रमांवर करून घ्या. कोजागरी, हळदीकुंकू, पाडव्याची पहाट. प्रत्येक कार्यक्रम दोघांकडे द्या, कारण एकटा असला की घाबरून तुमच्याकडेच येतो. रक्कम आधी ठरवा आणि कितीपर्यंत न विचारता खर्च करायचा, तेही सांगा. फोन आला तर उत्तर देण्याआधी विचारा, "तुझं काय म्हणणं आहे?" त्याचं म्हणणं चालण्याजोगं असेल तर तेच होऊ द्या, तुमची पद्धत त्याहून चांगली असली तरी. दुधाला केशर कमी पडलं म्हणून कुणाचं नुकसान होत नाही.

दुसरीकडे तुमच्या डोक्यात जे आहे ते वहीत उतरवा. तुम्ही सांगत जा, एखादी लिहिती मुलगी बसवा. कोणती परवानगी कुठल्या कचेरीत, अर्ज किती दिवस आधी, सोबत कोणते कागद. तात्पुरत्या वीजजोडणीसाठी किती भार मागायचा. मूर्तिकाराला बयाणा कधी. पावतीपुस्तकं कुणाला दिली, त्यांचे अनुक्रमांक. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद हा नियम २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला आहे आणि सवलत मिळालीच तर ती लेखी घ्यायची, हेही लिहा. अशा गोष्टी तुम्हाला पाठ आहेत म्हणून त्या सांगण्यासारख्या वाटत नाहीत, आणि नवा माणूस नेमका तिथेच अडतो.

विसर्जनानंतर आठवड्याच्या आत, सगळ्यांची झोप झाल्यावर, एक तास बसा. अमेरिकी सैन्यात सरावानंतर जे चार प्रश्न विचारतात तेच घ्या : काय ठरलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचं. त्या तासात तुम्ही शेवटी बोला. कुणाचं नाव घेऊन दोष द्यायचा नाही, हे सुरुवातीलाच सांगा आणि तुमच्याच वयाच्या मंडळींनी मोडलं तर त्यांनाही थांबवा.

एक गोष्ट थेट लिहितो. काम सोडल्यावर आपली गरज उरणार नाही, ही भीती तुमच्या पत्रात ओळीओळीत आहे. ती साहजिक आहे, बारा वर्षं थोडी नाहीत. पण रोज संध्याकाळी तुम्ही मांडवातल्या खुर्चीवर बसलात तर लोक पोरांना ओलांडून तुमच्याकडेच येणार. यंदा दहा दिवसांतले चार दिवस फक्त आरतीला या आणि परत जा. कोणते चार, ते आधी पोरांना सांगून ठेवा.

पैशाचं तेवढं वेगळं ठेवा. वर्गणी रोज रात्री मोजायची, स्थळप्रतीशी ताळा करायचा आणि वहीत दोघांच्या सह्या घ्यायच्या, पहिल्या वर्षी त्यातली एक तुमची. हिशेबात शंभर रुपयांचा जरी फरक आला तरी बोट एकट्या नव्या पोराकडे वळता कामा नये.